वाचक विचारतात : इंग्रजी उच्चारांचा अभ्यास आणि जतच्या बाईंचं पत्र

(इंग्रजी शिकवणाऱ्या आणि शिकणाऱ्या वाचकांच्या प्रश्नांना सांगलीतील एक निवृत्त इंग्रजी शिक्षिका या सदरातून उत्तरं देतात.)

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. मी जत तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत सहावी-सातवीला इंग्रजी शिकवते. माझं शिक्षण मराठी माध्यमात झालं, एबीसीडी पाचवीत गिरवली. व्याकरणाची भीती नाही, पण उच्चारांची कायम धास्ती असते. एका प्रशिक्षणात मी धडा वाचून दाखवला, तेव्हा मार्गदर्शक सगळ्यांसमोर म्हणाले, ‘बाई, तुमच्या इंग्रजीला मराठीचा वास येतो.’ तेव्हापासून वर्गात मोठ्यानं वाचताना माझा आवाज आपोआप खाली जातो. मला वरवरचे धडे नकोत, उच्चार मुळापासून शिकायचे आहेत. बेचाळिशीत हे जमेल का? ब्रिटिश शिकू की अमेरिकन? आणि वर्गातली निम्मी मुलं घरी कानडी बोलतात, त्यांच्यासाठी काय करू?
— एक शिक्षिका, ता. जत, जि. सांगली

उत्तर : बाई, जमेल. आधी ते ‘मराठीचा वास’ मनातून काढून टाका. ते बोलणं अपमानाचं होतंच, शिवाय त्याचा तुम्हाला काडीचा उपयोग नव्हता. त्यातून तुम्हाला कळलं काय? कुठला आवाज, कुठल्या शब्दात, जीभ कुठे टेकली म्हणून बदलला, यातलं काहीच नाही. ज्याला उच्चारशास्त्र येतं तो असं बोलत नाही. तो म्हणतो, ‘तुमची जीभ ट म्हणताना मागे वळते, ती दातांमागच्या उंचवट्यावर आणा.’ मुळापासून शिकायचं म्हणजे स्वतःला आणि मुलांना असं नेमकं सांगता येईपर्यंत शिकायचं.

हा दोष तुमचा एकटीचा नाही. २००० साली राज्यात पहिलीपासून इंग्रजी सुरू झालं, तेव्हा शिकवायला उभे राहिलेले बहुतेक शिक्षक स्वतः पाचवीपासून इंग्रजी शिकलेले होते. त्यांनी मनापासून शिकवलं. पण तोंडात जीभ कुठे असते हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

माझं सांगणं असं की इंग्रजी उच्चारांचा अभ्यास इंग्रजीपासून सुरू करू नका. स्वतःच्या मराठीपासून करा, आणि वर्गात बसलेल्या मुलांच्या बोलीपासून करा. उच्चारशास्त्राचं निम्मं सामान तुमच्याकडे आहे. क-वर्ग, च-वर्ग, ट-वर्ग, त-वर्ग, प-वर्ग हे आपण पाठ म्हणतो. ते एकदा आरशासमोर सावकाश म्हणून पाहा. आवाज घशाकडून ओठांकडे येत जातो : कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य. प्रत्येक ओळीत आधी कठोर, मग मृदू, शेवटी अनुनासिक. १८८६ साली पॅरिसमध्ये स्थापन झालेल्या आंतरराष्ट्रीय ध्वनिशास्त्र संघटनेचा व्यंजनांचा तक्ताही अशाच तत्त्वावर मांडलेला आहे, फक्त तो ओठांपासून घशाकडे जातो. त्या तक्त्यातली चिन्हं पाहून घाबरायचं कारण नाही.

आता ‘ट’पासूनच सुरुवात करू. मराठी ट म्हणताना जिभेचं टोक मागे वळून टाळूला लागतं. इंग्रजी ट त्याच्या पुढे, वरच्या दातांच्या मुळाशी जो खरखरीत उंचवटा आहे तिथे लागतो. ती जागा शोधायला ‘ल’ म्हणा आणि जीभ तिथेच थांबवा. मग त्याच जागेवरून ट काढा. ‘ल, ट, ल, ट’ असं म्हणत राहिलात की जागा पक्की होते. ड तसाच. एवढ्या एका बदलानं इंग्रजीचा अर्धा पोत बदलतो, कारण ट आणि ड त्या भाषेत पावलोपावली येतात.

याच जागेमुळे आपल्याकडे एस. टी.ची ‘यष्टी’ होते. लोक हसतात, पण त्यात अडाणीपणा नाही. मूर्धन्य ट शेजारी आला की स त्याच्याकडे ओढला जातो आणि त्याचा ष होतो. संस्कृत संधीतही हाच नियम आहे. ‘यष्टी’ म्हणणाऱ्या आजीचं तोंड नियमानंच चाललेलं असतं. म्हणून मुलाला ‘ष नको, स म्हण’ असं कितीही सांगितलं तरी उपयोग होत नाही. ट पुढे आणा, स आपोआप स राहतो. विट्याच्या हायस्कुलात शिकवत असताना हे मला उमगलं आणि पुढे कायम कामाला आलं : जिथे चूक ऐकू येते तिथेच ती असते असं नाही, बऱ्याचदा ती शेजारच्या आवाजात असते.

दुसरी गोष्ट श्वासाची. इंग्रजीत प, ट, क आघातयुक्त अवयवाच्या (शब्दातल्या जोर देऊन म्हटलेल्या तुकड्याच्या, म्हणजे सिलॅबलच्या) सुरुवातीला आले की त्यांच्यासोबत हवेचा झोत सुटतो. आपण ‘पार्क’ म्हणताना तो सोडत नाही, आणि इंग्रज कानाला ‘बार्क’ ऐकू येतं. आपल्याला हा झोत नवा नाही. प-फ, क-ख यांत आपण तोच फरक करतो (इथे फ म्हणजे दोन्ही ओठ मिटून सोडलेला, ‘फळ’मधला जुना फ). प आणि त्या फ यांच्या मधला आवाज हवा. ओठांसमोर वहीच्या कागदाची पट्टी धरा : ‘पिन’ला ती हलली पाहिजे, ‘स्पिन’ला हलता कामा नये, कारण स नंतर झोत नसतो. मुलांना हा खेळ फार आवडतो.

मग तो झेड. आपण त्याचा ज करतो, ‘इज’, ‘वॉज’. पण मराठीत ज दोन आहेत हे तुम्ही जाणता : ‘हे जग’मधला तालव्य, आणि ‘शंभर वर्षं जग’मधला दंत्य. त्या दुसऱ्या ज पासून निघा. त्यात जीभ क्षणभर टेकते. ती टेकू देऊ नका, हवा गुणगुणत बाहेर जाऊ द्या, की झेड आला. मिरजेत शिकवताना माझ्या वर्गात घरी दख्खनी बोलणारी मुलं असायची. नमाज, रोजा हे शब्द ती रोज म्हणत, त्यामुळे हा आवाज त्यांच्या तोंडात तयारच होता. मी त्यांनाच पुढे उभं करत असे आणि बाकीची मुलं त्यांच्या तोंडाकडे बघून शिकत. एरवी मागच्या बाकावर गप्प बसणारी ती मुलं त्या तासाला ताठ उभी राहायची.

तुमच्या कानडी मुलांचंही तसंच आहे, आणि इथे मला तुमचा हेवा वाटतो. ‘परीक्षा’ या अर्थाचा ‘टेस्ट’ आणि ‘चव’ या अर्थाचा ‘टेस्ट’ आपण देवनागरीत एकसारखे लिहितो आणि एकसारखेच बोलतो. ‘मिळव’ या अर्थाचा ‘गेट’ आणि फाटकाचा ‘गेट’, तेही तसेच. मराठीत आखूड ए आणि लांब ए असा अर्थ बदलणारा भेद नाही, त्यामुळे आपला कान तो टिपत नाही. कन्नडमध्ये तो भेद आहे, लिपीतसुद्धा अक्षरं वेगळी आहेत. गुळाला म्हणतात त्या ‘बेल्ल’मधला ए आखूड, आणि ‘हवं’ या अर्थाच्या ‘बेकु’मधला लांब. बाजारात गूळ मागणाऱ्या पोराला हा फरक आईच्या बोलीतून मिळालेला आहे. ‘परीक्षेच्या टेस्टमध्ये बेल्लचा ए, चवीच्या टेस्टमध्ये बेकुचा ए’ एवढं फळ्यावर लिहा आणि कानडी मुलांना म्हणायला लावा. मराठी मुलं त्यांच्याकडून शिकतील, आणि तुम्हीही शिका. प्रमाण ब्रिटिश उच्चारात लांब ए शेवटी इ कडे घसरतो, पण ते नंतर केलं तरी चालेल. कानडी मुलांची एकच सवय सांभाळा : शब्द ए ने सुरू झाला की त्याआधी हलका य येतो, अंड्याच्या ‘एग’चं ‘येग’ होतं.

‘शिप’ आणि ‘शीप’ हा गोंधळ मात्र खास आपला. त्याचं कारण शुद्धलेखनाच्या नियमात दिसतं : अकारान्त शब्दातला उपान्त्य इ-उ मराठीत दीर्घ. खीर, वीस, गरीब, फूल. एका अवयवाच्या शब्दात, पुढे व्यंजन असताना, ऱ्हस्व इ म्हणायची आपल्या जिभेला सवयच नाही. ‘विष’सारखे तत्सम शब्द आपण ऱ्हस्व लिहितो आणि बोलताना बहुधा लांबवतो. म्हणून जहाज आणि मेंढी एक होतात. इथे नुसती लांबी मोजून भागत नाही. इंग्रजीत पुढे कठोर व्यंजन आलं की दीर्घ स्वरही आखडतो, ‘सीड’मधल्या ई पेक्षा ‘सीट’मधली ई आखूड असते. खरा फरक जिभेच्या उंचीचा आहे. ‘शिप’ची इ जरा सैल आणि खाली, किंचित ए कडे झुकलेली. ‘शीप’ची ई ताठ, ओठ ताणून.

एकूण आवाज किती, तर दक्षिण इंग्लंडच्या प्रमाण उच्चारात साधारण ४४ धरतात : २४ व्यंजनं, २० स्वर. ही यादी एका दमात पाठ करू नका. महिनाभर एखादाच आवाज घ्या, पण तो मुरेपर्यंत घ्या.

यापेक्षा खोल पाणी पुढे आहे, ते शब्दातल्या आघाताचं. मराठीत आघात बदलून अर्थ बदलत नाही, म्हणून आपण सगळे अवयव सारख्या वजनानं म्हणतो. इंग्रजीत एक अवयव उठून दिसतो आणि बाकीचे विरघळतात. ‘फोटोग्राफ’मध्ये आघात पहिल्यावर. छायाचित्रकार म्हणायचा झाला की तो दुसऱ्या अवयवावर सरकतो आणि शब्द ‘फटॉग्रफर’ असा ऐकू येतो. ‘फोटोग्राफिक’मध्ये तो तिसऱ्यावर. ‘डेव्हलप’चा आघात दुसऱ्या अवयवावर आहे, ‘कमिटी’चाही. ‘रेकॉर्ड’ नाम असेल तर पहिल्यावर, क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. आणि विरघळलेल्या अवयवात जो पुसट स्वर उरतो, शब्दकोशात उलट्या इंग्रजी ई (e) अक्षरानं दाखवतात तो, इंग्रजीतला सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर आहे. तो जवळपास आपला ‘अ’च आहे! घरातलाच स्वर असून आपण तो वापरत नाही, कारण डोळ्याला स्पेलिंगमधला ए, ओ दिसतो आणि तोंड तसंच म्हणतं. पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद घ्या, शब्दकोश पाहून प्रत्येक शब्दाच्या आघातावर पेन्सिलीनं खूण करा, आणि खूण नसलेल्या अवयवांपैकी कुठे कुठे हा ‘अ’ येतो ते तिथेच तपासा. तुमच्या वाचनात सर्वांत मोठा फरक या सरावानं पडेल.

भूतकाळाचं ‘ईडी’ तुम्ही स्वतःच सोडवाल. ‘आस्केड’, ‘लुकेड’ अशी मुलं वाचतात. नियम कठोर-मृदू व्यंजनांचाच आहे : कठोर व्यंजनामागे ट (लुक्ट), मृदू व्यंजन किंवा स्वरामागे ड (प्लेड), आणि शेवट ट-ड चा असेल तरच ‘इड’ (वाँटिड). व्यंजनसंधी शिकलेल्या मराठी शिक्षकाला हे सांगायला पाच मिनिटं पुरतात.

ब्रिटिश की अमेरिकन? ब्रिटिश उच्चारशास्त्रज्ञ डॅनियल जोन्स यांनी १९१७ साली आपल्या उच्चारकोशासाठी जो नमुना धरला, तो दक्षिण इंग्लंडमधल्या, मोठ्या निवासी शाळांत शिकलेल्या घराण्यांच्या बोलण्याचा होता. खुद्द इंग्लंडातही थोडेच लोक तसं बोलतात. आपल्याला तो संदर्भासाठी हवा, शब्दकोशातली चिन्हं वाचण्यापुरता. बोलताना आकाशवाणीच्या इंग्रजी बातम्या देणाऱ्या चांगल्या निवेदकासारखं स्पष्ट भारतीय इंग्रजी बोलावं असं माझं ठाम मत आहे. ‘कार’मधला र म्हणा, काही बिघडत नाही, अमेरिकन माणसंही तो म्हणतात. ‘थिन’साठी जीभ दातांत धरून हवा सोडायला शिकाच, कारण शिक्षकाला ते दाखवता यायला हवं; पण मुलानं आपला ‘थ’ म्हटला म्हणून त्याला अडवू नका. ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ जेनिफर जेनकिन्स यांनी २००० साली, वेगवेगळ्या मातृभाषांचे लोक आपसात इंग्रजी बोलतात तेव्हा समजण्यासाठी कोणते आवाज अटळ आहेत याची मांडणी केली. त्यात ‘थिन’मधला आवाज त्यांनी वगळला, आणि प-ट-क चा झोत, स्वरांची लांबी, वाक्यातला मुख्य आघात हे ठेवले. शब्दातला आघात मात्र त्यांनी अटळ धरला नाही, आणि इथे मी त्यांच्या बाजूला नाही. हैदराबादचे आर. के. बन्सल यांनी १९६९ साली भारतीय इंग्रजी इतरांना कितपत समजतं याचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात आघात चुकणं हे न समजण्याचं एक ठळक कारण म्हणून पुढे आलं. आपल्या बोलण्याला तेच लागू पडतं असा माझा अनुभव आहे.

वयाबद्दल. मोठेपणी अडचण जिभेपेक्षा कानाची असते. जो फरक ऐकू येत नाही तो म्हणता येत नाही. पण कान तयार करता येतो. १९९१ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात, र आणि ल हा फरक न ऐकू येणाऱ्या प्रौढ जपानी लोकांना अनेक वेगवेगळ्या माणसांच्या आवाजात शब्दांच्या जोड्या ऐकवल्या गेल्या आणि त्यांचा कान सुधारला. तुम्हीही एकाच माणसाची ध्वनिफीत घोकू नका. ऑक्सफर्ड आणि केंब्रिजचे विद्यार्थी-शब्दकोश इंटरनेटवर मोफत आहेत, प्रत्येक शब्दाचा ब्रिटिश आणि अमेरिकन उच्चार ऐकता येतो. ‘शिप-शीप’ची जोडी तिथे ऐका, डोळे मिटून कुठला शब्द होता ते ओळखा, मग स्वतः म्हणून मोबाइलवर रेकॉर्ड करा आणि दोन्ही लागोपाठ ऐका. शाळेत संगणक असेल तर त्यावर ‘प्राट’ ही ॲमस्टरडॅम विद्यापीठात तयार झालेली मोफत प्रणाली घ्या. तुमच्या प मागचा झोत तिथे पडद्यावर डोळ्यांना दिसतो.

पद्धतशीर अभ्यासक्रम हवा असेल तर हैदराबादचं इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ. १९५८ साली ही संस्था इंग्रजी शिक्षकांच्या प्रशिक्षणासाठीच सुरू झाली. तिथल्या शिक्षकांसाठीच्या दूरशिक्षण अभ्यासक्रमांची आणि प्रवेशाची माहिती विद्यापीठाच्या संकेतस्थळावर पाहा. पण तो सुरू होईपर्यंत थांबू नका. तुमच्या केंद्रातल्या आणखी एक-दोन शिक्षकांना बरोबर घ्या आणि शिक्षण परिषदेच्या दिवशी अर्धा तास एकमेकांचं वाचन ऐका. ऐकणाऱ्यानं आवाजाचं नाव आणि जिभेची जागा सांगायची, दुसरा शेरा मारायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी करून घ्या.

प्रश्न : माझी मुलगी विचारते, सुरीच्या स्पेलिंगमध्ये ‘के’ लिहायचा आणि म्हणायचा मात्र नाही, असं का? मी ‘इंग्रजीत असंच असतं’ म्हणून वेळ मारून नेली.
— एक पालक, वाई, जि. सातारा

उत्तर : तिला सांगा की तो क एके काळी म्हटला जायचा. सहाशे वर्षांपूर्वीचा इंग्रज सुरीला साधारण ‘क्नीफ’ म्हणे. कॅक्स्टननं १४७६ साली वेस्टमिन्स्टरला छापखाना काढला आणि पुढच्या काळात स्पेलिंग हळूहळू ठरत गेलं. तोंड मात्र बदलत राहिलं. साधारण १४०० ते १७०० या काळात दीर्घ स्वर जागचे हलले, ई चा ‘आइ’ झाला, आणि सतराव्या-अठराव्या शतकाच्या सुमारास सुरुवातीचा क गळाला. जर्मन लोक गुडघ्याला आजही ‘क्नी’ म्हणतात, क सकट. इंग्रजी गुडघ्याच्या स्पेलिंगमध्येही तो आहे, तिला शोधायला सांगा. आपणही ‘राम’ लिहितो तेव्हा शेवटच्या म मध्ये अ असतो, आणि बोलताना तो गळतो. तिचा प्रश्न चांगला आहे, ‘असंच असतं’ म्हणून तो मिटवू नका.

प्रश्न : मुलं धडा वाचताना उच्चाराची प्रत्येक चूक तिथल्या तिथे दुरुस्त करावी का?
— एक शिक्षक, कराड, जि. सातारा

उत्तर : नाही, सर. मूल वाचत असताना थांबवू नका, ते अर्थ सोडून तुमच्या चेहऱ्याकडे बघायला लागतं. हातात वही ठेवा आणि ज्यानं शब्दाचा अर्थच बदलतो किंवा शब्द ओळखू येत नाही, तेवढंच टिपा : आघात, ‘शिप-शीप’, ‘पार्क-बार्क’. वाचन संपल्यावर त्यातला एकच आवाज निवडा, फळ्यावर त्याच्या चार जोड्या लिहा आणि सगळ्या वर्गाकडून म्हणून घ्या, कुणाचं नाव न घेता. बाकीच्या चुका पुढच्या आठवड्यासाठी वहीत राहू द्या.